धरण उशाला

डच भाषेत म्हणीला ‘स्प्रेकवोर्त’ म्हणतात. ‘बोलणं’ आणि ‘शब्द’ एकमेकांना जोडले, झालं नाव. आपली ‘म्हण’ही ‘म्हणणे’तूनच आली. तिच्या मुळाशी संस्कृत ‘भण्’ धातू आहे; त्याच धातूच्या ‘आभाणक’चा जुन्या मराठीत ‘आहाणा’ झाला. म्हणजे दोन्हीकडे नाव पडलं ते बोलण्यावरून. नीती, उपदेश, शहाणपण यांचा त्यात मागमूस नाही. शाळेत आपण म्हणी अर्थासकट पाठ करतो आणि तिथेच त्या निर्जीव होतात. म्हण ही कुणीतरी कुणाला तरी ऐकवायची गोष्ट आहे.

वैतरणा नदीच्या खोऱ्याकडे ऐकवण्यासारखी एक म्हण आहे: ‘धरण उशाला, कोरड घशाला’. ती इथेच जन्मली असा दावा करायला नको; पाणी अडवून दूर नेलं जातं तिथे तिथे ती लागू पडते. इथे मात्र ती शब्दशः खरी आहे. १९५७ साली मोडक सागर धरण झालं, २०१४ साली मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा. दोन्हींचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. खाली वैतरणा स्टेशनापाशी तर नदीची खाडीच झालेली असते; पाणी उदंड, पण खारट.

या म्हणीचा साचा जुनाच आहे. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’चं यमक आणि चाल आठवून पाहा. पण तिथे हसं होतं ते विसरभोळ्याचं. म्हणींना असे वेडे फार आवडतात. पीटर ब्रॉयगलने १५५९ साली शंभरावर डच म्हणी एकाच चित्रात रंगवल्या. त्यात वासरू बुडाल्यावर विहीर बुजवणारा एक शहाणा आहे. धरणाशेजारचा माणूस यांच्यातला नाही. तो काही विसरलेला नाही, त्याला वेळेवर सुचलं नाही असंही नाही. धरण कुठे आहे, जलवाहिनी कुठे जाते, सगळं त्याला ठाऊक आहे. जुन्या चालीवर त्याने थट्टेऐवजी तक्रार बसवली, आणि मला तरी हा बदल मोठा वाटतो.

आता उन्हाळा आला की वर्तमानपत्रं ‘धरण उशाला’ हाच मथळा देतात. इतक्या वेळा, की ज्याला ऐकवायचं त्याला तो ऐकूच येत नाही. पुढे पावसाळ्यात मोडक सागर ओसंडून वाहू लागतं, आणि मुंबईकरांसाठी तीच पहिल्या पानावरची आनंदाची बातमी असते.