शरदातली पाने, शिशिरातली पाने

आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांना पंचांगात शरद ऋतू म्हणतात, आणि त्या काळात अंधेरी, बोरिवली वा मुलुंडमधली झाडे पाने गाळत नाहीत. तरीही अनेक बालवर्गांच्या भिंतींवर याच सुमारास मेपलची केशरी कागदी पाने चिकटवली जातात, जी त्या मुलांनी कधी हातात धरलेली नसतात. इथली पानगळ शिशिरात दिसते, जेव्हा सोसायटीतल्या देशी बदामाची पाने लालभडक होऊन फाटकापाशी पडतात आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला साग उघडा होतो.

शरदाची इथली खूण निराळी आहे: दसऱ्याचे आपट्याचे जोडपान, झेंडूच्या पाकळ्या आणि भोंडल्यासाठी पाटावर रेखलेला हत्ती. आपट्याच्या पानाच्या शिरांकडच्या बाजूला रंग लावून ते कागदावर दाबले की ठसा उमटतो. यालाच ठसेकाम म्हणतात, आणि चार वर्षांच्या बोटांना ते सहज जमते, शिवाय पानाला शिरा असतात हे मूल स्वतः शोधते, ही गोष्ट फार मोलाची आहे.

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात पाने, बिया, शंख-शिंपले हेच शैक्षणिक साहित्य ठरले, कारण ते मुलांच्या अंगणातले होते. घाटकोपरच्या मुलाचे अंगण म्हणजे इमारतीखालची चिंचोळी जागा असली, तरी तिथेही पिंपळाचे जाळीदार पान सापडते.