यजमानाचा दुसरा क्रमांक

ज्या राष्ट्राच्या अंगणात क्रीडामहोत्सव भरतो त्या राष्ट्राच्या खेळाडूंच्या यशाकडे जग काहीशा संशयाने पाहते, आणि या संशयाला इतिहासाचा आधार नाही असे म्हणता येत नाही. 1896 साली अथेन्स येथे ऑलिंपिक सामन्यांचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा भाग घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक खेळाडू ग्रीसचेच होते. तेवढ्यानेही समाधान न झाल्यामुळे की काय, पोहण्याच्या कार्यक्रमात शंभर मीटरांची एक शर्यत केवळ ग्रीक आरमाराच्या खलाशांसाठी राखून ठेवण्यात आली आणि ती एका ग्रीक खलाशाने जिंकली. दिवाळे निघालेल्या त्या राष्ट्राने आपल्या लेकरांसाठी एवढी लहानशी सोय करून घेतली, याबद्दल त्याला फारसा दोष देण्याचे कारण नाही. घरचे कार्य असले की आपली माणसे पुढे सरकवण्याचा मोह कोणत्या यजमानाला होत नाही?

या कसोटीवर आपल्या स्वतःच्या घरच्या पहिल्या कार्याचा जमाखर्च मांडून पाहावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. हे कार्य म्हणजे 4 ते 11 मार्च 1951 या आठवड्यात नवी दिल्लीला भरलेले पहिले आशियाई सामने होत. अकरा राष्ट्रे, चारशे एकोणनव्वद खेळाडू, सहा क्रीडाप्रकार आणि सत्तावन्न सुवर्णपदके एवढाच त्याचा विस्तार होता. आजच्या अवाढव्य महोत्सवांच्या मानाने हा पसारा एखाद्या जिल्ह्याच्या जत्रेएवढाही भरणार नाही. सत्तावन्नांपैकी चोवीस सुवर्णपदके जपानने नेली, पंधरा भारताला मिळाली आणि उरलेली अठरा इराण, सिंगापूर व फिलिपाइन्स यांनी वाटून घेतली. भारताचा क्रमांक दुसरा लागला. तो त्यानंतर आजतागायत कधीही लागलेला नाही, म्हणून त्या आठवड्याचे स्मरण आपल्याकडे सुवर्णयुगाच्या थाटात केले जाते. मला मात्र त्या पंधरा पदकांपेक्षा जपानने नेलेल्या चोवीस पदकांत यजमानाची थोरवी अधिक दिसते.

या सामन्यांची कल्पना मूळची गुरुदत्त सोंधी यांची. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे हे प्राचार्य क्रीडेकडे विद्येचेच एक अंग म्हणून पाहत. 1934 साली त्यांनी दिल्लीत पश्चिम आशियाई सामने भरवून पाहिले होते, त्यांत भारताखेरीज अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाइन एवढेच पाहुणे आले, आणि त्यांचा दुसरा प्रयोग झालाच नाही. पुढे 1947 च्या वसंतात दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली, पारतंत्र्यातून नुकत्याच सुटलेल्या अथवा सुटू पाहणाऱ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी प्रथमच एका मांडवाखाली बसले, आणि सोंधींच्या जुन्या कल्पनेला राजकीय बळ मिळाले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी मसलत झाली, 1949 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये आशियाई क्रीडासंघाची स्थापना झाली, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह त्याचे पहिले अध्यक्ष झाले. सामने 1950 सालीच व्हायचे होते, परंतु बंदोबस्त वेळेवर होईना म्हणून ते एक वर्ष लांबले. अखेर व्यवस्थेची धुरा क्रिकेटच्या दफ्तरातून आलेल्या अँथनी डि'मेलो यांच्या खांद्यावर पडली. मैदानही नवे नव्हते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1933 साली उभारलेले आयर्विन अँफिथिएटर हेच ते मैदान, आणि डि'मेलो यांनी त्याचे नाव बदलून नॅशनल स्टेडियम केले. संस्थानिकांचा खजिना, लाहोरची विद्वत्ता आणि मुंबईच्या क्रिकेट-कारभाऱ्याची तडफ यांवर ही इमारत उभी होती. संस्थाने विलीन झाली होती आणि लाहोर परदेशात गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे इमारतीचा पाया किती नाजूक होता हे कळते.

ज्या देशाने हे सामने भरवले त्याची अवस्था तेव्हा काय होती? धान्य शिधापत्रिकेवर मिळत होते, बिहारमध्ये टंचाईचे सावट होते, अमेरिकेकडून गहू कर्जाऊ मिळवण्याची खटपट चालू होती, आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक अद्याप व्हावयाची होती. दिल्ली शहर निर्वासितांनी भरले होते. अशा वेळी धावण्या-उड्या मारण्याच्या खेळांवर पैसा का खर्चावा, हा प्रश्न विचारणारे लोक होते आणि त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. तरीही लाल किल्ल्यात सूर्यकिरणांपासून ज्योत पेटवण्यात आली, ब्रिगेडियर दलीपसिंग यांनी ती मैदानात प्रज्वलित केली, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सामन्यांचे उद्घाटन केले. नवीन राज्य आपल्या अस्तित्वाची ग्वाही ज्या अनेक मार्गांनी देत असते, त्यांपैकी हा एक होता, आणि इतर मार्गांच्या मानाने स्वस्त व निरुपद्रवी होता, असेच म्हणावे लागेल.

परंतु यजमानाची खरी परीक्षा निमंत्रणाच्या यादीत होती. जपानवर त्या मार्चमध्ये जनरल मॅकआर्थर यांचा अंमल चालू होता. लंडनच्या ऑलिंपिकला जर्मनीप्रमाणेच जपानलाही बोलावणे नव्हते, आणि शांततेचा तह अजून झालेला नव्हता. त्या राष्ट्राच्या खेळाडूंना दिल्लीने बोलावले, आणि ज्यांच्या शेजारी बसवले ते कोण होते? ब्रह्मदेश, सिंगापूर, इंडोनेशिया, फिलिपाइन्स. दहा वर्षे उलटण्यापूर्वी या प्रत्येकाच्या भूमीवर जपानी फौजेची सत्ता होती, आणि 1945 साली मनिला शहराची जी राखरांगोळी झाली ती फिलिपिनो खेळाडूंनी कानांनी नव्हे तर डोळ्यांनी अनुभवलेली होती. खुद्द भारताचे अंदमान जपानच्या ताब्यात गेले होते आणि इंफाळ-कोहिमाच्या रणांगणावरील माती अजून पुरती बसलेली नव्हती. शिवाय पाहुणा बलवान आहे, तो आला तर आपली पदके घेऊन जाणार, हे यजमानाला पुरते ठाऊक होते. आपल्याकडे पंगत बसली की घरधनी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढतो आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसतो. दिल्लीने त्या आठवड्यात जवळजवळ तेच केले. स्त्रियांच्या धावण्या-उड्या-फेकींतील सुवर्णपदके जपानच्या युवतींनी एकूणएक नेली, तरी प्रेक्षकांत अथवा सरकारदरबारी त्याबद्दल विषाद झाल्याचे कोणी नोंदवलेले नाही.

आता घरच्या मंडळींकडे वळू. भारताच्या पंधरा सुवर्णपदकांपैकी दहा धावणे, चालणे व फेकी या प्रकारांतली, चार पाण्यातली आणि एक फुटबॉलचे होते. पहिला मान सचिन नाग यांचा. शंभर मीटर मुक्तशैलीत ते पहिले आले आणि आशियाई सामन्यांतील भारताचे पहिले सुवर्णपदक त्यांच्या गळ्यात पडले. 1947 च्या दंगलीत कलकत्त्यात या माणसाच्या पायात गोळी लागली होती, त्यातून उठून तो 1948 साली लंडनला पोहला आणि 1951 साली दिल्लीत जिंकला. वॉटरपोलोच्या विजयी संघातही तो होता. या पराक्रमाची दखल म्हणून त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो 2020 साली, मरणोत्तर. सरकारी दफ्तराची चाल पोहणाऱ्याच्या चालीहून वेगळी असते, इतकेच यावर म्हणता येईल.

मुंबईचे लेव्ही पिंटो यांनी शंभर व दोनशे मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, पहिली 10.8 आणि दुसरी 22.0 सेकंदांत. मुंबईच्याच के. पी. ठक्कर यांनी सूर मारण्याची दोन्ही सुवर्णपदके मिळवली. आठशे मीटरांत रणजितसिंग, पंधराशेत निक्कासिंग, मॅरेथॉनमध्ये छोटासिंग, थाळीफेकीत माखनसिंग, पन्नास किलोमीटर चालण्यात बख्तावरसिंग अशी नावांची ओळ वाचताना पंजाब डोळ्यांपुढे उभा राहतो. हा तोच प्रांत होता, ज्याची साडेतीन वर्षांपूर्वी दोन शकले झाली होती. लाहोरच्या मैदानांवर ज्या क्रीडापरंपरेचे संगोपन झाले तिचा अर्धा वारसा सरहद्दीच्या पलीकडे राहिला, आणि पाकिस्तान दिल्लीच्या या सामन्यांना आलाच नाही. सोंधी ज्या शहरातल्या कॉलेजचे प्राचार्य होते त्या शहराचा एकही खेळाडू त्यांच्या स्वप्नाच्या पूर्तीच्या दिवशी मैदानात नव्हता, ही गोष्ट पदकांच्या कोष्टकात कुठेही लिहिलेली सापडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मुंबईने पुढाकार घेतला. रोशन मिस्त्री यांनी शंभर मीटरांत रौप्यपदक मिळवले, मेरी डिसूझा यांनी दोनशे मीटरांत कांस्यपदक, आणि चौघींच्या रिले संघाने रौप्यपदक आणले. पारशी आणि ख्रिस्ती घरांतील या मुली अर्ध्या विजारी घालून हजारो लोकांसमोर धावल्या, या एका दृश्यात त्या काळच्या समाजाला पचवावयास पुष्कळ काही होते. मराठी मध्यमवर्गीय घरांतील मुली त्या वेळी धावपट्टीवर फारशा दिसत नव्हत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. मेरी डिसूझा पुढल्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी निवडल्या गेल्या, तेव्हा प्रवासखर्चाची तरतूद नव्हती. मित्रमंडळींनी कार्यक्रम करून पैसे उभे केले तेव्हा त्या जाऊ शकल्या.

फुटबॉलचे सुवर्णपदक अनेकांना सर्वांत प्रिय आहे. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरवले आणि अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलाने इराणवर मात केली. मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. परंतु जमाखर्च प्रामाणिकपणे लिहावयाचा तर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. फुटबॉलला एकूण सहा संघ होते, म्हणजे तीन सामने जिंकणारा विजेता ठरत होता. पोहण्यात जपानचे जलतरणपटू नव्हते. ते आले असते तर पाण्यातील निकाल कसे लागले असते, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. त्यांच्या अनुपस्थितीतही सिंगापूरच्या निओ च्वी कोक याने लांब पल्ल्याच्या शर्यती एकट्याने जिंकल्या. आणि 1952 साली हेलसिंकीत याच फुटबॉल संघाला युगोस्लाव्हियाने दहा विरुद्ध एक गोलाने पराभूत केले. पिंटो तेथे दोन्ही शर्यतींच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले, आणि माझ्या मते दिल्लीतील दोन सुवर्णपदकांपेक्षा त्यांचे ते कर्तृत्व मोठे होते. बाकीच्यांची नावे निकालपत्रांच्या तळाशी राहिली.

हेलसिंकीहून भारताने आणले काय? हॉकीचे सुवर्णपदक, आणि कुस्तीचे एक कांस्यपदक. ते कांस्यपदक कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांचे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. परंतु या दोन पदकांविषयी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. जगाच्या कसोटीला जे दोन खेळ उतरले ते दोन्ही दिल्लीच्या 1951 च्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. हॉकी नव्हती आणि कुस्तीही नव्हती. 1928 पासून जो देश हॉकीत ऑलिंपिकविजेता होता, लंडनमध्ये ज्याने इंग्रजांना त्यांच्याच घरी हरवून स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस साजरा केला, त्या देशाने स्वतःच्या घरी सामने भरवले आणि हॉकीला त्यांत स्थान दिले नाही. आज त्याच मैदानाला मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे.

अथेन्सने खलाशांसाठी शर्यत काढली, दिल्लीने आपले हुकमी पान खेळलेच नाही. याला औदार्य म्हणावे की अनवधान? पाकिस्तानवाचून हॉकीत तोडीचा प्रतिस्पर्धी आशियात कोण होता, हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्या स्पर्धेचा निकाल आधीच ठरलेला असतो ती भरवण्यात शोभा नाही, असेही कोणी म्हणेल. पण कुस्तीच्या बाबतीत हे समर्थन चालत नाही. इराण आणि जपान या दोन राष्ट्रांचे मल्ल आपल्या मल्लांना घाम फोडणारे होते. कोल्हापूर, सांगली, पतियाळा येथील तालमींत घडलेल्या मल्लांना मॅटवर परदेशी मल्लांशी झुंजण्याची एक संधी घरच्या मैदानावर मिळाली असती, तर खाशाबांच्या मागून आणखी दोघे-चौघे हेलसिंकीपर्यंत गेले नसते असे कसे म्हणावे? कबड्डीचे तर नावच नको. ज्या खेळाची नियमावली महाराष्ट्राने बांधली तो आशियाई सामन्यांत पदकासाठी खेळला जाण्यास 1990 साल उजाडावे लागले, आणि तेही बीजिंगमध्ये. माझा निवाडा असा, की जपानला बोलावण्यात आपण मुत्सद्द्याचे मन दाखवले आणि कुस्तीला वगळण्यात घरच्या गुणांविषयीची बेपर्वाई दाखवली, आणि या दोन्ही गोष्टी एकाच यजमानाच्या स्वभावात सुखाने नांदत होत्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1954 साली मनिलाने सामने भरवले, जपानी खेळाडूंचे स्वागत केले आणि कुस्तीचा समावेश केला. भारत तेथे पाचवा आला. 1958 साली यजमानपद टोकियोकडे गेले, आणि हॉकी आशियाई सामन्यांत आली ती जपानने आणली म्हणून. त्या स्पर्धेत भारत आणि पाकिस्तान यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक पाकिस्तानला मिळाले.