वाट कोणाची?

अरुंद वाटेवर दोघे समोरासमोर आले तर बाजूला कोणी व्हायचे, हा प्रश्न आपल्या परंपरेने कधी क्षुल्लक मानला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची यादीच आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव अशी ती यादी. महाभारताच्या आदिपर्वात या प्रश्नाची भीषण बाजू येते. एकाच माणसापुरत्या वाटेवर राजा कल्माषपाद आणि वसिष्ठपुत्र शक्ती समोरासमोर येतात आणि दोघेही हटत नाहीत. राजा चाबूक उगारतो, शक्ती शाप देतो, राजाचा राक्षस होतो आणि तो शक्तीला व त्याच्या सगळ्या भावांना खाऊन टाकतो. वाटेचा न्याय अहंकारावर सोडला की कुळेच्या कुळे उद्ध्वस्त होतात, हे कथाकाराला पक्के ठाऊक होते. शहराच्या ऐन मध्यभागी कठडा घालून सायकलींसाठी वेगळी पट्टी राखणे हा आपण इंजिनिअर आणि नगरपालिका यांचा विषय समजतो. माझ्या मते तो याच जुन्या धर्मप्रश्नाचा भाग आहे. दुर्बळाला वाट मिळणे हे बलवानाच्या मर्जीवर न ठेवता रस्त्याच्या बांधणीतच पक्के करणे, हे या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

यावर कोणी म्हणेल, त्या यादीत पहिला मान गाडीवाल्याचाच आहे. मग मोटारीने आधी जावे यात चुकले काय? याचे उत्तर यादीमागचा विचार पाहिल्यावर मिळते. जुंपलेली गाडी चटकन मागे घेता येत नाही, आजाऱ्याला लगबगीने सरकता येत नाही, डोक्यावर भारा असलेल्याला खड्ड्यात उतरता येत नाही. ज्याला हटणे सोपे त्याने हटावे, हे त्यातले माणुसकीचे सूत्र आहे. मोटारीला ब्रेक आहे, पत्र्याचे कवच आहे. सायकलवाल्याला फक्त स्वतःचे हाडामांसाचे अंग आहे. सूत्र तेच ठेवले तर आजच्या रस्त्यावर क्रम आपोआप उलटतो. मात्र त्या यादीत राजा आणि स्नातकही आहेत, म्हणजे करुणेच्या शेजारीच प्रतिष्ठा बसलेली आहे. या प्रतिष्ठेचे टोक किती क्रूर असते हे १९२४ साली केरळमधल्या वैकोमला सत्याग्रह करणाऱ्यांनी देशाला दाखवले. तिथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचीच काही माणसांना बंदी होती. परंपरेतला करुणेचा धागा धरायचा आणि प्रतिष्ठेचा सोडायचा, ही निवड आपल्याला जाणीवपूर्वक करावी लागते. आज रस्त्यावर जो जितका जड तो तितका मोठा, असा जो अलिखित नियम चालतो, तो त्या प्रतिष्ठेचाच नवा अवतार आहे.

हा विचार मराठवाड्याला परका नाही. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले. २००८ साली त्या घटनेचा त्रिशताब्दी गुरुता-गद्दी सोहळा झाला. त्याच्या आगेमागे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीतून शहराचे रस्ते नव्याने बांधले गेले, तेव्हा काही रस्त्यांवर पदपथाबरोबर सायकलींसाठी वेगळा मार्गही आखला गेला. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानेही हेच मागितले होते: रस्त्याचा विचार वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने करा. नांदेडच्याच सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराच्या लंगरमध्ये लहानथोर एकाच पंगतीत, एकाच पातळीवर बसतात. पीठ कोणी दिले, पैसा कोणाचा, हे वाढणारा विचारत नाही. सार्वजनिक रस्ता हीसुद्धा अशीच पंगत आहे. सायकलवाला रोड टॅक्स भरत नाही, मग त्याला वेगळी जागा कशाला, असे विचारणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की शहराचे रस्ते घरपट्टीतून, राज्याच्या अनुदानातून आणि केंद्राच्या निधीतून होतात, आणि त्या तिजोरीत काडेपेटी विकत घेणाऱ्याचाही पैसा असतो. पंगतीत बसायचा हक्क वर्गणीच्या पावतीवर ठरत नाही.

याहून खोल आक्षेप धर्माच्या बाजूनेच येतो. वाट देणे हे पुण्य आहे ते मनापासून दिली म्हणून. कठडा घालून सक्तीने देववलेली वाट कोणाला पुण्यवान करणार? रस्ते सुधारण्याऐवजी माणसे सुधारा, असे म्हणणाऱ्यांचा मला आदर वाटतो, पण त्यांची नजर देणाऱ्याच्या आत्म्यावर खिळलेली आहे. जिला वाट हवी तिच्याकडेही पाहावे लागेल. मागास तालुक्यांतल्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून मानव विकास कार्यक्रमातून त्यांना सायकली दिल्या जातात. अशी एखादी मुलगी कॅरियरला दप्तर लावून निघते. मागून जीपचा हॉर्न वाजतो. डांबराची कड आणि मुरमाची साइडपट्टी यांमध्ये वीतभर खाच असते. तिथे चाक उतरवायचे की डांबरावरच राहायचे, हे तिला क्षणात ठरवायचे असते. त्या क्षणी तिचा जीव एका अनोळखी माणसाच्या सद्‌गुणावर लटकलेला असतो. दुसऱ्याला दिवसातून दहा वेळा आपल्या दयेची याचना करायला लावणारी व्यवस्था दयाळू म्हणता येत नाही. शिवाय कठड्याने सद्‌गुणाची संधीही संपत नाही, कारण चौकात, वळणावर, शाळेच्या फाटकापाशी वाट देण्याचे प्रसंग उरतातच.

आणखी एक समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. अपघात झाला की ‘त्याची वेळ भरली होती’ असे म्हणून आपण उठतो. शोकात या शब्दांचा आधार वाटतो आणि तो कोणाकडून हिरावून घेऊ नये. पण नियोजनाच्या बैठकीत तेच शब्द पाप ठरतात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली चारशेहून अधिक मुले रस्त्यावर दगावली. पालक रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली, पुढच्या दशकांत वेग आवरले गेले, सायकलींना स्वतंत्र मार्ग मिळाले आणि मुलांचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या देशातल्या मुलांचे संचित बदलले नव्हते, रस्ते बदलले होते. वीतभर उंचीच्या कठड्याने जे टळते त्याला प्रारब्ध म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रयत्न संपतो तिथून प्रारब्ध सुरू होते, आणि प्रयत्न तर अजून पुरता झालेलाच नाही.

व्यवहारी आक्षेप पुण्याचे उदाहरण देतो. तिथे २००६ पासून बीआरटीच्या, म्हणजे जलद बसमार्गांच्या, कडेने सायकलमार्ग झाले, २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला, तरी मार्ग तुटक राहिले आणि त्यांवर गाड्या लागल्या. हे खरे आहे. पण दर शंभर पावलांवर तुटणारी पाइपलाइन टाकून गावाला तहानच नाही असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने २००६ नंतर अल्पावधीत सलग, संरक्षित जाळे बांधले, आणि जिथे सायकल जवळपास दिसत नव्हती तिथे तिचा वापर काही वर्षांतच अनेक पटींनी वाढला. अर्धवट पाळलेल्या धर्माचे अपयश धर्माच्या माथी मारता येत नाही.

आणि हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता नाही. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारसारख्या तालुक्याच्या गावात अंतरे सायकलच्या टप्प्यातली आहेत आणि एसटी, जीप, उसाचे ट्रॅक्टर व शाळकरी मुले एकाच डांबरावर आहेत. ज्या गावाने शिक्षणसंस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घातला, त्या गावाला हे वेगळे सांगायला नको की शाळा फुकट असून भागत नाही. शाळेची वाटही निर्धोक हवी. इथला बाजाराचा आणि शाळांचा रस्ता पुढच्या वेळी रुंद होईल, तेव्हा टेप आधी पायी चालणाऱ्यासाठी आणि सायकलसाठी धरावी, मध्ये कठडा घालावा, आणि उरेल ती रुंदी मोटारींना द्यावी. जागा कमी पडली तर मोटारींनी सावकाश जावे. हा मापाचा क्रम ठरवणे हेच आपल्या नगरपालिकेचे धर्माचरण आहे, आणि त्यासाठी आग्रह धरणे हे आपले.