ताटीच्या आत बसलेलं मन

आजचं चिंतन : गीता, अध्याय 6, श्लोक 25.

मन शांत कसं करायचं ते भगवंत इथे सांगतात, आणि 'हळूहळू' या अर्थाचा शब्द एकाच ओळीत दोनदा वापरतात. आपण घाईत नेमकं तेच गाळतो.

जपाला बसलं की काहींना वाटतं, आपण लांबून स्वतःकडे बघतोय. हातपाय आपले वाटत नाहीत, कशाचंच काही वाटत नाही. मग प्रश्न पडतो, हाच का साक्षीभाव?

नाही. साक्षीभावात माणूस पूर्ण जागा असतो. दुःख येतं ते दिसतं, जाणवतंही. हे बधिरपण मात्र न बोलावता येतं. लहानपणी मार, दहशत, अपमान सोसलेलं पोर घर सोडून जाऊ शकत नाही, म्हणून त्याचं मन आतल्या आत निघून जातं. मानसशास्त्र याला डिसोसिएशन म्हणतं. त्याने त्या पोराला वाचवलेलं असतं. त्याला वैराग्य समजू नका, आणि पाप तर मुळीच नाही.

ज्ञानोबा माउलींचंच बघा ना. संन्याशाची मुलं म्हणून समाजाने वाळीत टाकलेलं. परंपरा सांगते की आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि चार भावंडं उघड्यावर पडली. पुढे एकदा लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन माउली झोपडीची ताटी लावून आत बसले. माउलीसुद्धा! बाहेरून हाक मारली ती धाकट्या मुक्ताईने. तेच सगळं तिनेही भोगलं होतं. तिने ताटी तोडली नाही, विनवत राहिली. उघडायची होती ती आतूनच.

आमच्या खडकवासल्याला 12 जुलै 1961 माहीत आहे. पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुण्यात हाहाकार झाला. आज तेच पाणी बेताबेताने सोडतात आणि शहर ते पितं. म्हणून जुनं सगळं एका रात्रीत आठवायचा हट्ट नको. चांगला थेरपिस्ट गाठा; त्याने श्रद्धा कमी होत नाही. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि "आधी माफ कर, मगच शांती" असं कुणी सत्संगात सुनावलं, तर ऐकून सोडून द्या. या श्लोकात तशी अट नाही.

आज जप करताना डोळे मिटून हरवल्यासारखं होत असेल तर ते उघडेच ठेवा. पावलं फरशीला टेकवा, तुळशीचा मणी बोटाला लागू द्या. अकरा नामं झाली तरी पुरे. मन निघून गेलंच तर गार पाण्याने हात धुवा, चहा घ्या, उठा.

उद्या 26 वा श्लोक घेऊ. पळालेल्या मनाला परत कसं आणायचं, ते तिथे आहे.

राम कृष्ण हरी.