फर्माइश कोणाच्या नावाने?

फर्माइश हा शब्द मराठीने कधीच आपलासा केला आहे. पाहुणा घरी आला की जेवणाची फर्माइश होते, शाहिराला लावणीची फर्माइश होते. शब्द मूळचा फारसी. फर्मूदन म्हणजे हुकूम करणे, फर्मावणे. बादशहाचं फर्मान आणि श्रोत्याची फर्माइश ही एकाच घरातली भावंडं. फरक एवढाच की फर्मान वरून खाली येतं आणि फर्माइश खालून वर जाते. आकाशवाणीच्या उर्दू सेवेने आपल्या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाला ‘तामील-ए-इर्शाद’ असं नाव दिलं होतं. तामील-ए-इर्शाद म्हणजे हुकुमाची अंमलबजावणी. ज्याचं दुकानात मालक ऐकत नाही आणि घरात मुलं ऐकत नाहीत, त्या माणसाचा इर्शाद दिल्लीतला निवेदक अदबीने पाळतो आणि वर त्याचं नावही वाचून दाखवतो. गरीब माणसाला असा मान आणखी कुठे मिळत होता?

आमच्या घरी रेडिओ होता आणि तो वालिदसाहेबांच्या ताब्यात असे. गाण्याआधी निवेदक नावांची जी लांबलचक यादी वाचत, ती ऐकताना आम्हा भावंडांना कंटाळा यायचा. वालिद मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प करीत. त्यांना गाण्याइतकीच नावं प्रिय होती. कधी न पाहिलेल्या गावांची, कधी न भेटणाऱ्या माणसांची नावं. एका गाण्याखाली शर्मा, अन्सारी, डिसोझा, पाटील सगळे एका ओळीत उभे राहत. नमाजाच्या सफेत खांद्याला खांदा लागतो तसंच ते आम्हाला वाटायचं, पण मोठ्यांसमोर असं बोलायची हिंमत नव्हती.

या सगळ्याची आठवण निघाली ती आमच्या शाळेतल्या एका साध्या प्रसंगाने. त्या प्रसंगाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. तो पूर्ण सुटला असं आम्ही म्हणणार नाही, पण वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

आमची शाळा उर्दू माध्यमाची, गाव यंत्रमागाचं. मागच्या वर्षी सालाना जलशाच्या आदल्या दिवशी नववीच्या मुलांनी ‘रेडिओ’ करायचं ठरवलं. बुटाचं रिकामं खोकं घेतलं, त्याला वरून चीर पाडली आणि वर्गात ठेवलं. ज्याला जे गाणं हवं त्याने चिठ्ठीवर गाण्याचं आणि स्वतःचं नाव लिहून खोक्यात टाकायचं. दोन मुली निवेदक होणार, एका मोबाइलवर गाणी लागणार. गाणी कोणती चालतील याची हेडमास्तरसाहेबांनी अट घातली होती. ते योग्यच होतं. गाणं ऐकावं की ऐकू नये हा वाद आपल्याकडे जुना आहे, तो इथे उकरून काढायचा नाही. इमाम गझालींनी ‘इह्या उलूम अल-दीन’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणण्याऐवजी ऐकणाऱ्याचं मन, वेळ, जागा, सोबत यांचा विचार केला. आम्हाला तेवढं पुरेसं आहे.

खोकं उघडलं तेव्हा ५० च्या वर चिठ्ठ्या निघाल्या. आम्ही त्या लावत बसलो आणि लक्षात आलं की एका गाण्याच्या ११ चिठ्ठ्या एकाच हस्ताक्षरात आहेत. नावं वेगवेगळी, पण ‘ये’ची शेपटी तीच. वर्षभर वह्या तपासणाऱ्या मास्तराला हस्ताक्षर ओळखायला वेळ लागत नाही. आम्ही त्या मुलाला उभं केलं, सर्वांसमोर ‘ही बेइमानी आहे’ असं सांगितलं आणि अकराच्या अकरा चिठ्ठ्या फाडून टाकल्या. नावं वाचलीसुद्धा नाहीत. तो काही बोलला नाही. रेडिओ झाला, मुलं खूश झाली.

शाळा सुटल्यावर तो दारात थांबला होता. म्हणाला, “सर, अपने वास्ते नहीं डाले थे.” मग हळूहळू कळलं. अकरातली चार नावं वर्गातल्या मुलांची होती. उरलेली सात हजेरीपटावर नव्हती. ती आठवीपर्यंत बरोबर शिकलेल्या आणि नंतर शाळा सोडलेल्या मुलांची होती. कोणी कारखान्यात कांड्या भरायला लागला होता, कोणी घरच्यांबरोबर भिवंडीला गेला होता, एकीचं शिक्षण घरच्यांनीच थांबवलं होतं. “वो लोग होते तो यही गाना मांगते,” तो म्हणाला.

रात्री झोप लागली नाही. फाडलेल्या चिठ्ठ्यांचे तुकडे शाळेच्या कचऱ्याच्या डब्यात होते आणि त्यांत सात मुलं होती. आम्हीच कधी काळी त्यांची हजेरी घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र गोष्टीची दुसरी बाजू पुढे आली. ज्या चार मुलांची नावं त्याने परस्पर लिहिली होती त्यांतली एक मुलगी रागाने लाल होऊन आली. तिच्या घरी फिल्मी गाणं चालत नाही. तिचा धाकटा भाऊ याच शाळेत आहे. नाव वाचलं गेलं असतं तर संध्याकाळी घरी काय झालं असतं, हे तिने आम्हाला समजावून सांगितलं. तिचा सवाल सरळ होता. “मैंने मांगा ही नहीं था, फिर मेरा नाम क्यों?”

एकच मुलगा, एकच कृत्य, एकच नीयत. तरी सात जणांच्या बाबतीत ते प्रेम वाटतं आणि एकीच्या बाबतीत जुलूम. मग दुसऱ्याच्या नावाने मागणं हे चांगलं की वाईट?

उत्तर शोधताना आम्हाला रेडिओचाच इतिहास उपयोगी पडला. १९५२ मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून फिल्मी गाणी हटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आकाशवाणीला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला आली. गीतमालेत गाण्यांना पायऱ्या होत्या. कोणतं गाणं वरच्या पायरीवर, कोणतं खाली, हे ठरवताना रेकॉर्डची विक्री पाहिली जाई आणि गावोगावच्या श्रोता संघांचं मतही घेतलं जाई. म्हणजे तिथे पत्र हे मत होतं, मोजलं जात होतं. मोजणीत एका माणसाने अकरा नावं घातली तर ती चोरीच. कारण त्याने दहा माणसांची पाळी खाल्ली.

पण झुमरी तलैयाचं काय म्हणायचं? आज झारखंडात असलेलं कोडरमा जिल्ह्यातलं हे अभ्रकाच्या व्यापाराचं गाव. तिथून इतकी फर्माइशी कार्डं जायची की देशभरच्या श्रोत्यांना ते गाव पाठ झालं. अनेकांना वाटे, असं गाव नसेलच, रेडिओवाल्यांनी बनवलेलं नाव असेल. अभ्रकाचा बाजार पुढे ओसरला, गावाचं नाव मात्र राहिलं. तिथल्या माणसांना काय हवं होतं? ते गाणं तर दुसऱ्या कोणाच्या फर्माइशीवरही लागलं असतं. त्यांना हवं होतं ते हे की आम्ही आहोत, हे कोणीतरी मोठ्याने म्हणावं. इथे पत्र हे मत नाही, ती हजेरी आहे.

आमची चूक इथे झाली. त्या मुलाच्या चिठ्ठ्या आम्ही मतं म्हणून मोजल्या. त्याने मात्र हजेरी लावली होती. जो वर्गात नाही त्याच्या नावाने “जी सर” म्हणणारा मुलगा एरवी लबाड असतो. हा लबाड नव्हता, पण आमचे कान लबाडी ऐकायलाच तयार केलेले होते.

तरीही त्या मुलीचा सवाल बाजूला सारता येत नाही. नीयत नेक होती, हे खरं. आपल्या दीनमध्ये नीयतीला मोठं स्थान आहे आणि त्याचा आधार घेऊन आपण स्वतःला पुष्कळदा माफ करतो. पण नीयत हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे. दुसऱ्या माणसाचं नाव हा त्या माणसाचा हक्क आहे, हुकूकुल इबादमधली गोष्ट आहे. कोणाचे पैसे चांगल्या हेतूने परस्पर खर्च केले तरी ते परत करावे लागतात. मग कोणाचं नाव परस्पर वापरलं तर?

रेडिओवर याची एक जुनी आणि साधी वाट होती. माणूस स्वतःचं नाव देई आणि गाणं दुसऱ्यासाठी मागे. फौजी भावाने बायकोसाठी, बहिणीने भावासाठी. मागणारा मी, गाणं तुझ्यासाठी. त्यात मागण्याची जबाबदारी मागणाऱ्याच्या खांद्यावर राहते आणि दुसऱ्याला फक्त भेट पोहोचते. भेट नको असेल तर तो रेडिओ बंद करू शकतो. ‘तुझ्यासाठी मागितलं’ आणि ‘तूच मागितलंस’ यांच्यात जे अंतर आहे, तेच प्रेम आणि जबरदस्ती यांच्यातलं अंतर आहे असं आम्हाला वाटतं.

आणि हे अंतर फक्त गाण्यापुरतं नाही. घरात मुलीच्या शिक्षणाचा, लग्नाचा निर्णय होतो तेव्हा ‘तिलाही हेच हवं आहे’ असं वडीलधारे म्हणतात. तिला विचारलेलं नसतं. शाळेत पालकांच्या रकान्यात मास्तरच मजकूर भरतात आणि खाली फक्त अंगठा घेतात. आम्हीही भरला आहे. मुसलमानांना काय हवं, काय नको, हे तर सगळेच सांगतात. सभेत सांगतात, वर्तमानपत्रांत सांगतात, आपल्यातलेही सांगतात आणि बाहेरचेही. सगळ्या चिठ्ठ्या एकाच हस्ताक्षरात, नावं मात्र लाखोंची. त्यांतल्या किती जणांना कोणी विचारलं होतं? कित्येकांची नीयत त्या मुलासारखीच नेक असेल. तरी ‘मैंने मांगा ही नहीं था’ असं म्हणणारी एखादी मुलगी समाजातही असतेच. तिचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही, कारण तिला दारापर्यंत यायला जागा नाही.

याच अमीन सयानींच्या अम्मी कुलसुम सयानी. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवीत आणि ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. लहानपणी अमीन सयानी त्या कामात हातभार लावत. ज्याला जी लिपी येते तीत त्याच्यापर्यंत जायचं, हा धडा त्यांना घरातच मिळाला होता. पुढे रेडिओवर त्यांची साधी, सगळ्यांना कळणारी हिंदुस्तानी आली ती याच वाटेने. दुसऱ्याच्या वतीने बोलण्यापूर्वी दुसऱ्याला कळेल असं बोलावं आणि मग त्याचं उत्तर यायची वाट पाहावी, इतकाच आम्ही त्याचा अर्थ घेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सयानीसाहेब गेले तेव्हा आमच्या वालिदांनी दिवसभर रेडिओ लावला नाही.

आता उरलेली गोष्ट. जलशानंतर साधारण आठवड्याने कांड्या भरणारा तो मुलगा चहाच्या टपरीवर भेटला. हातांना सुताची धूळ, केसांत कापसाचे तंतू. सलाम करून म्हणाला, मित्राने आपलं नाव टाकलं होतं असं कळलं. आम्ही विचारलं, तुला ते गाणं आवडतं का? तो हसला. गाण्याबद्दल बोललाच नाही. म्हणाला, “सर, मेरा नाम पढ़े क्या?”

खोटं बोलणं सोपं होतं. आम्ही सांगितलं, नाही वाचलं. आम्हीच फाडलं. तो म्हणाला, “कोई बात नहीं सर,” आणि चहाचे पैसे त्यानेच दिले. आम्ही पुष्कळ नको म्हटलं, पण तो आता कमावता होता.

यंदा खोकं पुन्हा ठेवलं. चिठ्ठीवर दोन रकाने केले. एक, मागणारा कोण. दोन, कोणासाठी. दुसऱ्या रकान्यात वर्गाबाहेरचं नाव चालेल, पण त्याला किंवा तिला आधी विचारून यायचं, अशी अट घातली. मुलांना अट जाचक वाटली. तरी ती विचारायला गेली. कारखान्याच्या फाटकावर गेली, बंद दारांवर गेली, भिवंडीला फोन केला. काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही. त्या एका मुलीच्या घरून नकार आला. तिने दिला की घरच्यांनी, हे आम्हाला कळलं नाही. म्हणून तिचं नाव वाचलं नाही. ते बरोबर केलं की नाही, याचं उत्तर आमच्याजवळ अजून नाही.

लिहिता लिहिता लक्षात येतं की या लेखभर आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलो आहोत. जुन्या मास्तरांची ती सवय आहे, अदबीची म्हणा. पण हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? त्यात वाचकहो, तुम्हालाही न विचारता बसवलं असेल तर ती आमची अकरावी चिठ्ठी समजा. तुमचं नाव त्यातून काढून घ्यायचा हक्क तुमचा आहे.