यानात मांडलेला संसार

१९०२ साली जॉर्ज मेलिएसने पडद्यावर माणसं चंद्रावर धाडली ती तोफगोळ्यात बसवून. १९२९ मध्ये फ्रिट्झ लांगने टप्प्याटप्प्याचं रॉकेट आणि उलटी गणती आणली. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’पर्यंत यान चांगलंच देखणं झालं, पण आत होते गणवेशातले पुरुष आणि लष्करी शिस्त. यान म्हणजे मुक्कामी पोचवणारं वाहन, ही समजूत कायम राहिली.

प्रवासच काही वर्षांचा असेल तर आतली माणसं जगणार कशी? हा प्रश्न मनावर घेतला तो चेकोस्लोव्हाकियातल्या एका कृष्णधवल चित्रपटाने. दिग्दर्शक यिंद्रिख पोलाक यांचा १९६३ सालचा ‘इकारिए एक्सबी-१’ स्तानिस्वाव लेम यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. २१६३ साली चाळीस जण आल्फा सेंटॉरीकडे, म्हणजे आपण ‘मित्र’ म्हणतो त्या ताऱ्याकडे निघतात. यानात अठ्ठावीस महिने जातील, तेवढ्यात पृथ्वीवर पंधरा वर्षं उलटतील. सापेक्षतेचं हे गणित इथे थेट घरात शिरतं: परतणाऱ्याची मुलं त्याच्याविना मोठी झालेली असणार.

म्हणूनच यानात व्यायामशाळा आहे, वाढदिवस आहे, नाच आहे. एक म्हातारा गणितज्ञ आपला जुनापुराणा यंत्रमानव सोबत घेऊन आलाय. एक बाई गरोदर आहे. झ्देनेक लिश्कांच्या संगीतामुळे ते नाचाचं दृश्यही परकं आणि ओळखीचं असं एकदमच वाटतं.

वाटेत विसाव्या शतकातलं एक भरकटलेलं यान सापडतं. आत जुगाराच्या टेबलापाशी प्रेतं, विषारी वायू आणि अण्वस्त्रं. तिथे गेलेले दोघे स्फोटात मरतात. क्यूबाच्या क्षेपणास्त्र-संकटाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा हे प्रेक्षकांसमोर आलं. भविष्यातली माणसं आपल्याच काळाकडे किळसेने पाहतात, हे दृश्य आजही अंगावर येतं. साठच्या दशकातल्या विज्ञानपटांत इतका थेट आत्मपरीक्षणाचा क्षण क्वचितच सापडेल.

अमेरिकेत हा चित्रपट १९६४ मध्ये गेला, पण कापून, इंग्रजीत डब करून, नावं बदलून. शेवटही बदलला. मुळात यानात बाळ जन्मतं आणि नव्या ग्रहावर वस्ती दिसते. अमेरिकी आवृत्तीत अखेरीस न्यूयॉर्क दिसतं आणि हे प्रवासीच परग्रहवासी ठरतात. त्या एका कलाटणीपायी चित्रपटाचा सगळा विचार वाहून गेला. पृथ्वीवरची माणसं आपला भूतकाळ उरावर घेऊन दूरच्या ताऱ्याकडे निघतात, ही गोष्टच उरली नाही.

पुढे ‘स्टार ट्रेक’ (१९६६) आणि ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) आले, आणि यानातला दिनक्रम हा विज्ञानपटाचा हक्काचा विषय झाला. ‘२००१’चा दिग्दर्शक कुब्रिक याने पोलाककडून काय घेतलं, यावर चर्चा रंगते. पण ‘इकारिए’चं मोल त्या उसनवारीवर ठरवणं अन्यायाचं आहे, बाळंतपण, मत्सर, वेड, कंटाळा हे सगळं त्याने स्वतःच्या बळावर अंतराळात नेलं. दुरुस्त केलेली मूळ प्रत २०१६ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या ‘क्लासिक्स’ विभागात दाखवली गेली. पाहायचा तर तीच चेक आवृत्ती पाहावी, शेवटासकट.