भिजत घातलेली मटकी



रात्री निजण्यापूर्वी घरात कुणीतरी मटकी भिजत घालतं. सकाळी ती उपसून ओल्या फडक्यात बांधतं. दुसऱ्या दिवशी फडक्यातून मोड डोकावतात. उसळ ताटात येते ती अशी, आधी कुणाला तरी आठवण झाली म्हणून.

आणि तरीही रोज सकाळी एक प्रश्न उमटतो. आज भाजी काय करू? उत्तर ठरलेलं. काहीही कर.

श्रोतेहो, त्या प्रश्नात भाजीपेक्षा बरंच काही असतं. कुणाचा उपवास, कुणाचा डबा, आजोबांना काय चावेल. हे सारं एकटीनं ध्यानात ठेवण्याचा शीण असतो. 'काहीही कर' म्हणून आपण तो शीण तिच्याच पदरात टाकतो. दुसऱ्याच्या भुकेची आधी आठवण ठेवणं, यालाच तर माया म्हणतात. ती एकाच माणसानं का करावी?

बाजारातून पिशवी आली, की सगळ्यांनी घटकाभर तिच्याभोवती बसून आठवड्याचा बेत ठरवावा. मेथी, शेपू लवकर कोमेजतात, त्या आधी. लाल भोपळा, सुरण थांबतात. ते आठवडा सरताना. मुलांनाही विचारावं. स्वतः सुचवलेली भाजी मूल सहसा टाकत नाही. अचानक पाहुणे आले, बेत मोडला, तर मोडू द्यावा. पिठलं आहेच.

आज भाजी काय करू? थोड्या वेळानं हा प्रश्न तुमच्याही कानी येईल. तेव्हा उठा. ओट्यापाशी जा. मटकीचा डबा कुठे ठेवलाय, तेवढं विचारा.